द्वारसभेला कोणते गाणे चालते?

दिल्लीच्या ‘स्का व्हेंजर्स’ची गाणी म्हणजे इंग्रजी धांगडधिंगा, कामगारांना त्याचे काय, असे आपलेच काही साथी म्हणतात. आम्हाला हे मुळीच मान्य नाही.

2009 मध्ये जमलेल्या या गटाची पहिली ध्वनिमुद्रिका 2012 साली आली. स्का हे मूळचे जमैकाचे संगीत. 1979 मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री या मोटार कारखान्यांच्या शहरात ‘स्पेशल्स’ने त्यात पंकचा आवेश ओतला. कारखान्यांतून माणसे कमी होत होती, नॅशनल फ्रंटवाले गोऱ्यांना काळ्यांवर चिथावत होते, आणि काळी-गोरी पोरे एकाच मंचावर उभी राहून गात होती. यात कामगारांना परके ते काय? आपल्या शाहिरांची बाजाची पेटीसुद्धा विलायतेहूनच आली! अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशा हाती घेतला, तेव्हा शहाण्यासुरत्यांनी नाके मुरडलीच होती.

स्का व्हेंजर्सनी उधमसिंगांवर गाणे केले, तिहार तुरुंगातील बंद्यांबरोबर संगीत केले. त्यांचे गायक तरु दालमिया यांनी पुढे स्वतःची ध्वनियंत्रणा उभारून ती क्लबाबाहेर नेली.

आमची तक्रार आहेच, पण ती वेगळी. ही गाणी बहुतेक वाजली ती क्लबांत, तिकीट काढून येणाऱ्यांपुढे. ओखला, मानेसरच्या कंत्राटी कामगाराला तिथे कोण घेणार? पण दोष एकट्या गायकांचा नाही. आपण त्यांना कधी बोलावले? आपल्या द्वारसभेत दीड तास भाषण, मग कर्ण्यावर तीच जुनी कॅसेट, आणि वीस-बावीस वर्षांचा कामगार मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. त्याच्या कानात काय वाजते, हे आपण विचारीतही नाही.

याच परिसरात साहिबाबादच्या झंडापूरला 1 जानेवारी 1989 रोजी ‘हल्ला बोल’ चालू असताना गुंडांनी हल्ला केला. सफदर हाश्मी आणि रामबहादूर हा कामगार प्राणाला मुकले. 4 जानेवारीला मलयश्री आणि साथींनी त्याच जागी ते नाटक पूर्ण केले. मालकधार्जिण्यांना नाटकाची एवढी धास्ती वाटली, कारण ते कामगारांच्या वस्तीत, त्यांच्या बोलीत चालले होते.

म्हणून युनियनच्या शाखांना आमचे सांगणे आहे: 1 मेच्या मिरवणुकीत अशा पोरांना ट्रकवर चढवा. इंग्रजी ओळींचा अर्थ हिंदीत सांगायला आपला एक कार्यकर्ता शेजारी उभा करा. आणि भाषणे अर्ध्या तासात आटपा.