नाव यादीत नसले म्हणून

वाचकहो, हॉकी आणि आमचे तळेरे यांचा तसा काही संबंध नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरचे हे नाक्याचे गाव. इथून एक रस्ता विजयदुर्गाकडे जातो, दुसरा वैभववाडीवरून घाट चढून कोल्हापूरकडे. माणसे एस.टी.तून उतरतात, चहा घेतात आणि पुढची गाडी बघतात. आमची पोरे खेळतात ती कबड्डी, खो-खो आणि भातकापणी झाली की मोकळ्या मळ्यात क्रिकेट. हॉकीची काठी इथल्या दुकानात मिळायची नाही. तरीही मी हॉकीवाला. वाडीतली पोरे माझ्यामागे मला 'हॉकीवाले आबा' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

हे वेड मुंबईच्या नोकरीतले. सुट्टीच्या दिवशी चर्चगेटजवळच्या हॉकीच्या मैदानावर जाऊन बसायचे, बॉम्बे गोल्ड कप, आगाखान कप बघायचा, शेंगदाण्याची पुडी संपेपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाशी 'याला का घेतला, त्याला का वगळला' यावर भांडायचे, हा माझा शौक. नोकरी संपली, गावी आलो, पण शौक गेला नाही. आता टीव्हीपुढे एकटाच भांडतो.

आज हे सगळे लिहायचे कारण हॉकी नाही, कबड्डी आहे. माझ्या भाचीची मुलगी नववीत शिकते. चढाईला चांगली, पायाने चपळ. तालुक्याच्या स्पर्धेसाठी शाळेच्या संघाची यादी लागली, त्या संध्याकाळी ती माझ्या पडवीत येऊन गप्प बसली.

"आबा, माजा नाव नाय."

"नीट वाचलंस काय?"

"बाराय नावां वाचलंय. माजा नाय."

खरे सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा जे आले ते तुमच्याही मनात आले असते. आपल्या वाडीची पोर, म्हणून वगळली. असा संशय आपल्याला उगाच येत नाही, त्याला पिढ्यांचा अनुभव आहे. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी पायात चपला घालून शाळेत गेलो. रागातच गेलो. खेळाच्या सरांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आबा, तीन दिवस पोरगी लंगडते आहे. मी दोनदा विचारले. 'काय नाय झाला' म्हणाली. तिला उतरवली आणि गुडघा कायमचा गेला तर तुम्हाला मी काय सांगू?"

घरी येऊन तिचा गुडघा बघितला. आंब्यासारखा सुजलेला. आठवडाभर ती झगा खाली ओढून हिंडत होती, आणि रात्री सगळे झोपल्यावर तेल चोळत होती. तिची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "सांगाचा नाय काय गो?" तर उत्तर काय? "सांगितला असता तर नाव गेला असता."

नाव गेलेच. वर गुडघाही गेला असता. यादी आणि दुखापत यांचे हे असे नाते आहे, आणि ते फक्त आमच्या पोरीचे नाही. म्हणून आज यादीबद्दल दोन गोष्टी सांगतो.

हॉकीत मैदानावर अकरा जण. विश्वचषकाला संघात अठरा नावे असतात, ऑलिंपिकला मात्र सोळाच. टोकियोला साथीमुळे अठरा नेऊ दिले, पण 2024 च्या पॅरिसला पुन्हा सोळा आणि वर तीन राखीव. अठरा जणांत दोन गोलरक्षक बसतात. सोळात दुसऱ्या गोलरक्षकाची चैन परवडत नाही. पॅरिसला मूळ सोळा जणांत श्रीजेश एकटा होता. उरलेल्या पंधरांत पेनल्टी कॉर्नर मारणारा हवा, कॉर्नर थोपवायला पुढे धावणारा हवा, आणि एक जण बाहेर गेला की दुसऱ्याची जागा सांभाळणारा हवा. म्हणजे कधी कधी चांगला खेळाडू वगळला जातो तो वाईट खेळला म्हणून नव्हे, तर त्याला एकच जागा येते म्हणून. हे कळले की शौकिनाचा अर्धा राग कमी होतो.

उरलेला अर्धा मात्र कमी होऊ नये. पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले आठवा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतला पोर, मोडक्या काठ्या बांधून खेळ शिकला. 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता आणि भारताने 32 वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक आणले. त्यानंतर काय झाले? धनराज आणि त्याच्याबरोबरचे अनेक वरिष्ठ खेळाडू पुढच्या संघातून बाहेर. सांगितले की विश्रांती दिली. लोक म्हणाले, खेळाडूंच्या पैशांबद्दल बोलला त्याची शिक्षा. तो पुन्हा संघात आला, 2000 आणि 2004 ची ऑलिंपिक खेळला, तो भाग वेगळा. पण यादीतून नाव काढताना खरे कारण तोंडावर सांगितले नाही की माणसाच्या मनात ते आयुष्यभर सलते. आमच्या शाळेच्या सरांनाही मी हेच म्हटले. कागद भिंतीवर लावण्याआधी पोरीला बाजूला घेऊन सांगितले असते, तर मला रागाने यावे लागले नसते. त्यांनी ते मान्य केले.

दुसरी गोष्ट मुंबईतलीच. मरीन लाइन्सजवळ वाल्मीकी कुटुंब राहायचे. बाप गाडी चालवायचा, घरात वीज नव्हती. थोरला युवराज हॉकी खेळत भारताच्या संघात गेला. 2011 च्या सप्टेंबरात चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पेनल्टीवर निकाल लागायचा होता, त्यातला विजयी फटका युवराजचा. तो परत आला, वर्तमानपत्रांनी घर पाहिले आणि तेव्हा कुठे त्या घरात वीज आली. देशासाठी गोल केल्यावर दिवा! पण पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या यादीत युवराजचे नाव नव्हते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या यादीत वाल्मीकी नाव लागले, ते त्याच्या धाकट्या भावाचे, देविंदरचे. एकाच घरातल्या दोघांची ही कथा. थोरल्याने वाट काढली आणि धाकटा पोचला. आपल्या किती घरांत असेच झाले आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

आणि आता वंदना. ही गोष्ट मी आमच्या पोरीला त्या रात्री सगळी सांगितली.

वंदना कटारिया हरिद्वारजवळच्या रोशनाबादची. दलित घरातली. मुलगी हाफ पँट घालून खेळते म्हणून गावात बोलणारे होतेच, पण तिचा बाप नाहरसिंग तिच्या पाठीशी उभा राहिला. 2013 साली जर्मनीत ज्युनियर विश्वचषकात भारताच्या मुलींनी पहिल्यांदाच कांस्यपदक आणले, त्यात आपल्याकडून सर्वांत जास्त गोल वंदनाचे. 2016 साली 36 वर्षांनी भारताच्या मुली ऑलिंपिकला गेल्या, त्या संघात ती होती. मग 2021 चा मे महिना. ती बंगळुरूच्या शिबिरात, बाहेर साथ, आणि बाप वारला. तिला शेवटचे दर्शनही मिळाले नाही.

दोन-अडीच महिन्यांनी टोकियो. पहिले तिन्ही सामने भारत हरला. मग आयर्लंडवर 1-0 ने विजय. 31 जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत 4-3 ने जिंकला, त्यात वंदनाचे तीन गोल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. 2 ऑगस्टला बलाढ्य ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवून मुली उपांत्य फेरीत. 4 ऑगस्टला अर्जेंटिनाकडून 1-2 ने हरल्या. आणि त्या संध्याकाळी रोशनाबादला तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, आणि संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे जातीवरून ओरडले. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली.

वाचकहो, जरा विचार करा. देशातली सगळी माणसे हळहळत असताना एका घरासमोर फटाके! ज्या पोरीने संघाला तिथवर नेण्यासाठी तीन गोल केले, तिच्याच घरासमोर. आणि ती घरापासून हजारो मैल दूर, अजून एक सामना बाकी. 6 ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाचा सामना झाला. भारत 3-4 ने हरला. त्या तीन गोलांतला एक वंदनाचा. तिने मैदानावरून दिलेले उत्तर ते हे.

इथपर्यंत आल्यावर आमची पोरगी म्हणाली, "पण आबा, तिचा नाव यादीत होता."

तेव्हा मी तिला 2024 चा जानेवारी सांगितला. पॅरिसला जायचे तर रांचीच्या पात्रता स्पर्धेत पहिल्या तिघांत यायला हवे होते. घरचे मैदान, घरचे लोक. त्याच्या थोडे आधी, 2023 च्या अखेरीस, वंदनाने 300 आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण केले होते. असे करणारी ती पहिली भारतीय महिला. यादीत तिचे नाव होते. आणि स्पर्धेच्या तोंडावर सरावात तिच्या गालाचे हाड मोडले. नाव काढले, दुसरी मुलगी घेतली. भारत उपांत्य सामन्यात जर्मनीशी 2-2 बरोबरीनंतर शूटआउटवर हरला आणि तिसऱ्या जागेसाठी जपानकडून 0-1 ने. पेनल्टी कॉर्नर मिळाले, पण चेंडू जाळ्यात गेला नाही. पॅरिस हुकले. आपल्या साताऱ्याच्या फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके त्या संघात होती. जपानचा सामना संपल्यावर मैदानावर मान खाली घालून बसलेल्या त्या मुली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

वंदना असती तर जिंकलो असतो का? मी शौकीन आहे, मी 'हो' म्हणणार. पण मोडलेल्या गालाने तिला उतरवायला हवे होते का, असे विचारलेत तर मी शंभर वेळा 'नाही' म्हणेन. तसेच पुरुषांच्या हार्दिक सिंगचे. 2023 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. वाट पाहिली, शेवटी नाव काढले. त्याच्याविना भारत न्यूझीलंडकडून शूटआउटवर हरला, आम्ही सगळ्यांनी डोके आपटले. पण तोच हार्दिक पुढच्या वर्षी पॅरिसला उपकर्णधार होता आणि कांस्यपदक घेऊन आला. स्नायू फाटू दिला असता तर पॅरिस कुठले?

वंदनाही बरी होऊन पुन्हा मैदानात उतरली. 2025 च्या एप्रिलमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली तेव्हा खाती 320 सामने आणि 158 गोल होते. तीनशे वीस सामन्यांच्या हिशेबात एक हुकलेली यादी केवढी?

आता आईबापांना थोडे. आपल्या पोरांना दुखापत लपवायची सवय आपणच लावतो. डॉक्टरचा खर्च नको, रोज बुडायला नको, 'खेळून पाय मोडून घेतलास' हा शब्द ऐकायला नको, म्हणून ती गप्प राहतात. मुली तर जास्तच, कारण त्यांना ठाऊक असते की एकदा दुखले म्हणून सांगितले की घरचे खेळच बंद करतील. तेव्हा पोर लंगडली तर आधी ओरडू नका. ताज्या सुजेवर तेल चोळू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून शेक द्या, पाय उशीवर उंच ठेवा, भार देऊ नका. सूज उतरली नाही किंवा पाय टेकवत नसेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. आणि 'खेळ बंद' असे म्हणू नका. 'बरी झालीस की खेळ' असे म्हणा. या एका वाक्याने पुढच्या वेळी ती तुम्हाला खरे सांगेल.

मास्तर मंडळींनाही विनंती. नाव काढाल तर कारण सांगा. आणि पालकांनीही विचारावे. मी रागाने गेलो ते चुकले असेल, पण विचारायला गेलो ते चुकले नाही. विचारले म्हणून गुडघा कळला. उद्या कुठे खरोखरच जात बघून नाव कापले जात असेल, तर तेही विचारल्यावाचून कळायचे नाही.

आमच्या पोरीला कणकवलीला डॉक्टरकडे नेली. हाड शाबूत आहे, स्नायूबंध ताणला आहे. सहा आठवडे मैदान बंद, मग हळूहळू व्यायाम. स्पर्धेच्या दिवशी ती संघाबरोबर गेली, पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल सांभाळायला. मला वाटले होते, रडून येईल. रात्री आली ती दारातूनच सांगत आली की समोरच्या संघातली कोपऱ्यातली पोरगी बोनसला पाय टाकताना मागे बघत नाही, हे हिने बाहेर बसून ओळखले आणि मध्यंतरात आपल्या मुलींना सांगितले. दोन गुण त्यातून मिळाले. सामना शेवटी हरले, पण ते दोन गुण तिने मला तीन वेळा सांगितले.

जाता जाता उंबऱ्यावर थांबली.

"आबा, वंदनाचो गाल बरो झालो मा मगे?"

"झालो गो. परत खेळला ता."

"सहा आठवडे म्हणजे किती दीस?"

"बेचाळीस."

भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिने बोटाने मोजले, आणि एका तारखेला पेन्सिलीने बारीक गोल केला.