लाभांशाची उचल : नफ्यातून की भांडवलातून?

वहीपूजन आटोपल्यानंतर, लाभपंचमीच्या सुमारास, सांगलीच्या मार्केट यार्डातील एक हळदीचे व्यापारी माझ्याकडे आले होते. वय सत्तरीच्या पुढचे. दोन गाळ्यांपैकी एक विकून, कर भरून, चाळीस लाख रुपये हाती राहिलेले. दुकान आता चिरंजीव पाहतात. स्वतःच्या व पत्नीच्या खर्चासाठी महिन्याला तीस हजार रुपये मिळावेत आणि त्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. खिशातून त्यांनी एक कागद काढला. त्यावर दहा-बारा कंपन्यांची नावे आणि प्रत्येकीपुढे लाभांशाच्या उत्पन्नाचा दर : नऊ टक्के, दहा टक्के, एकीपुढे तर बारा. एका तंबाखूच्या कंपनीवर त्यांनी स्वतःच आधी काट मारली होती.

“साहेब, नऊ टक्क्यांनी चाळीस लाखांचे वर्षाला तीन लाख साठ हजार होतात. महिन्याला बरोबर तीस हजार. शिवाय मुद्दल जागच्या जागी. सगळे यातच घालू का?”

हिशेब बिनचूक होता. मी विचारले, “शेठजी, बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त हळद कोणी देऊ केली, तर तुम्ही आधी काय पाहता?”

“ओल पाहतो. कीड लागली आहे का, ते पाहतो.”

त्या कागदावरील टक्केवारीतही अशीच ओल दडलेली असू शकते. लाभांशाला शेअरच्या बाजारभावाने भागले की हा दर निघतो. शंभर रुपयांच्या शेअरवर गतवर्षी चार रुपये मिळाले असतील, तर दर चार टक्के. पुढे धंदा बिघडल्याची कुणकुण लागून भाव चाळीस रुपयांवर घसरला, की तोच दर दहा टक्के दिसू लागतो. कंपनीने एक पैसाही अधिक दिलेला नसतो. यादीत मात्र ती वर चढते. भागाकारातला लाभांश गेल्या वर्षीचा आणि भाव आजचा, ही त्यातली मेख. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः अशा एका कंपनीचे शेअर घेतले होते. एम.कॉम.ची पदवी आणि कर्जविभागातील अनुभव दोन्ही पाठीशी असूनही घेतले. पहिला लाभांश आला, दुसऱ्या वर्षी निम्मा झाला, तिसऱ्या वर्षी बंद. ताळेबंद मी वाचला तो त्यानंतर.

तेव्हा पाहायचे काय? व्यापारी घरातील माणसाला हे शिकवण्याची वास्तविक गरज नाही. भागीदारीच्या पेढीत एखादा भागीदार दर महिन्याला मोठी उचल करीत असेल, तर आपण प्रथम विचारतो, ही उचल नफ्यातून आहे की भांडवलातून? लाभांश ही भागधारकाची उचलच होय. कंपनीने शंभर रुपये निव्वळ नफा मिळवून चाळीस-पन्नास वाटले, तर उरलेल्या पैशांवर धंदा वाढतो आणि मंदीच्या वर्षातही वाटायला काही शिल्लक राहते. शंभर मिळवून एकशे दहा वाटणारी कंपनी मागची पुंजी खात असते. कायद्यानुसार मागील वर्षांचा साठलेला नफाही वाटता येतो, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण ते किती वर्षे चालणार? दुसरे म्हणजे, वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात रोकड नसते, कारण सारे उधारीत अडकलेले असते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून वार्षिक अहवालातील रोखप्रवाहाचे पत्रक काढून, धंद्यातून आलेल्या रोकडीत लाभांश भागतो की त्यासाठी कर्ज काढले जाते, तेवढे पाहावे. सलग पाच-सात वर्षांचे पाहावे. जमीन विकून एखाद्या वर्षी दिलेला विशेष लाभांश हिशेबात धरू नये.

जाता जाता एक खुलासा. ‘१००० टक्के लाभांश’ अशी बातमी वाचून काहींचे डोळे विस्फारतात. ही टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर असते. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर हजार टक्के म्हणजे १० रुपये, आणि बाजारभाव २,००० रुपये असेल तर आपल्या पैशांवरील उत्पन्न अवघे अर्धा टक्का.

चांगली, नफ्यातील कंपनीसुद्धा लाभांशाची हमी देत नाही. ठेवीवरील व्याज हा करार आहे. लाभांश संचालक मंडळाच्या शिफारशीवर अवलंबून असतो, आणि कधी कधी त्यांच्याही हाती राहत नाही. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश न देण्याचे आदेश दिले. केवळ बँकांच्या शेअरवर घरखर्च चालवणाऱ्यांना ते वर्ष कोरडे गेले. कोल इंडियाचे उदाहरण निराळेच आहे. २०१० मध्ये २४५ रुपयांना विकलेल्या या शेअरवर जानेवारी २०१४ मध्ये एकदम २९ रुपये अंतरिम लाभांश मिळाला. २०२० च्या ऑक्टोबरात मात्र भाव मूळ विक्रीकिमतीच्या निम्म्याहून खाली आला होता. लाभांश थांबला नाही, आणि ज्यांना थांबता आले त्यांचे पुढे भलेही झाले. परंतु त्या महिन्यात ज्याला इस्पितळाच्या खर्चासाठी मुद्दल मोडावे लागले असेल, त्याचे काय? ‘मुद्दल जागच्या जागी’ हे शेठजींचे शब्द मला खटकले ते यासाठी.

आता त्यांच्या चाळीस लाखांकडे वळू. निफ्टीतील पन्नास कंपन्यांचा सरासरी लाभांश दर अलीकडच्या वर्षांत एक ते दीड टक्क्याच्या आसपास राहिला आहे. निवडक, सातत्याने वाटप करणाऱ्या कंपन्या घेतल्या तर अडीच टक्के धरता येतील. एवढ्यावर त्यांचे घर चालणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दराने तिचे वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार होतात. उरलेले दहा लाख सात-आठ निरनिराळ्या धंद्यांतील कंपन्यांत, तेही एकदम न घालता वर्षभरात थोडे थोडे. त्यांचे आज वर्षाला पंचवीस हजारच येतील. पण योजनेतील व्याजाचा आकडा मुदत संपेपर्यंत हलत नाही आणि तूरडाळीचा भाव हलतो. लाभांश वर्षाला दहा टक्क्यांनी वाढत गेला, तर सात वर्षांत तो जवळजवळ दुप्पट आणि चौदा वर्षांत पंचवीसचे सुमारे पंच्याण्णव हजार होतात. वाढेलच असे नाही. त्यांची पत्नी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान आहे. हा भाग मुख्यतः तिच्यासाठी.

“तरी साडेसात हजार कमीच पडतात,” ते म्हणाले. “म्हणजे मुलाकडे मागायचेच?”

“मागायचे कशाला? भागीदारीपत्रात तुमचे नाव अजून आहे. ती तुमची उचल.”

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

कराविषयी थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर कंपनीऐवजी भागधारकाने आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे भरायचा आहे. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांहून अधिक लाभांश मिळाल्यास दहा टक्के कर आधीच कापला जातो. आणि पत्नीला रक्कम भेट देऊन तिच्या नावे शेअर घेतले, तरी त्यांवरील लाभांश पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. आपल्या घरांतून ही चूक सर्रास होते.

दुसऱ्या भेटीस ते पत्नीला घेऊन आले. तिच्या हातातील पिशवीत जुन्या ट्रंकेत सापडलेली कागदी शेअर प्रमाणपत्रे होती, जुन्या घराच्या पत्त्यावरची. घर बदलले, पत्ता कंपनीला कोणी कळवला नाही, लाभांश परत जात राहिला. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर तो आणि त्यासोबत ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. बुडत नाहीत, पण सोडवायला पायपीट करावी लागते. कंपनीकडून हक्कपत्र मागवले आहे. ते आले की आयईपीएफ-५ हा अर्ज भरायचा. नवे डीमॅट खाते दोघांच्या नावे काढले असून लाभांश ज्या बँक खात्यात जमा होणार, त्याचे पासबुक आता शेठाणी स्वतःजवळ ठेवतात.