रणगाड्याला इंजिन मिळाले, खाणकामगाराला धूरच!

20 मार्च 2024 रोजी म्हैसूरला बीईएमएलच्या इंजिन विभागात 1500 अश्वशक्तीचे देशी इंजिन चाचणीसाठी पहिल्यांदा सुरू झाले. खुद्द संरक्षण सचिव हजर होते. रणगाड्यासाठीचे हे इंजिन उणे 40 अंशांच्या थंडीत आणि 55 अंशांच्या उन्हात चालेल, असे जाहीर झाले. ज्या कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी ते उभे केले त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. त्याच म्हैसूरच्या चामराजपुरम भागात इंजिन कामगारांबरोबर चहा घेत बसलो असता आमच्या तोंडून सवाल निघाला : हिमालयासाठी इंजिन होते, वाळवंटासाठी होते, मग जमिनीखाली राबणाऱ्या माणसासाठी का होत नाही?

चंद्रपूर-वणीचा साथी म्हणेल, आमचे एसडीएल तर विजेच्या केबलवर चालते. बरोबर आहे. म्हणजे डिझेलवाचून कोळसा निघू शकतो, हे आपल्याच खाणींनी दाखवले आहे. पण राजस्थानच्या जस्ताच्या आणि झारखंडच्या युरेनियमच्या खाणींत उतरणीच्या बोगद्यातून डिझेलचे लोडर आणि बुटके डंपर धावतात. कोळशातही माणसे आणि सामान नेणाऱ्या डिझेल गाड्या आल्या आहेत. रस्त्यावर धूर आकाशात जातो. बोगद्यात तो चालकाच्या आणि मागे उभ्या असलेल्या मदतनिसाच्या छातीत जातो.

हा धूर घातक की नाही, ही चर्चा संपलेली आहे. अमेरिकेत आठ खाणींतल्या 12,315 कामगारांचा अभ्यास झाला. खाणमालकांच्या संघटनेने कोर्टकचेऱ्या करून तो वर्षानुवर्षे अडवून धरला. अखेर मार्च 2012 मध्ये तो छापून आला, तेव्हा सर्वांत जास्त धूर घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर आणि ॲसबेस्टॉस त्याच गटात आहेत.

आता हवेचा हिशेब पाहा. आपल्या कोळसा खाणींच्या नियमांत माणशी मिनिटाला किमान 6 घनमीटर हवा सांगितली आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नियमात इंजिनाच्या दर किलोवॅटमागे सेकंदाला 0.06 घनमीटर हवा लागते. म्हणजे 150 किलोवॅटचा एक लोडर मिनिटाला 540 घनमीटर हवा मागतो, नव्वद माणसांची! लोडर खरेदी करताना व्यवस्थापन टनांचा हिशेब दहा वेळा करते. हा हिशेब किती वेळा होतो?

व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते : सायलेन्सरला कॅटॅलिस्ट लावला आहे, काळजी नको. कॅटॅलिस्टने कार्बन मोनॉक्साइड घटतो, वासही कमी होतो. पण काही कॅटॅलिस्ट नायट्रिक ऑक्साइडचे त्याहून विषारी नायट्रोजन डायऑक्साइड करतात. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, हा समज जीवघेणा आहे. ज्वालारोधक गाडीतली पाण्याची टाकी ठिणगी विझवते, धूर थंड करते, पण बारीक काजळी तिच्यातून निसटते. काजळी पकडायची तर फिल्टर हवा. साचलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करायला मोठी उष्णता लागते, आणि वायू असलेल्या कोळसा खाणीत इंजिनाचा पृष्ठभाग 150 अंशांपुढे जाऊन चालत नाही. संशोधन हवे ते नेमके इथे! नाहीतर बॅटरीची गाडी द्या, धुराचा प्रश्नच मिटेल.

हे संशोधन सार्वजनिक क्षेत्राचेच काम आहे. म्हैसूरची चाचणी-यंत्रणा आणि तिथले अनुभवी हात देशाच्या मालकीचे आहेत. सरकारने मात्र जानेवारी 2021 मध्ये त्याच बीईएमएलमधला 26 टक्के हिस्सा विकायला काढला. नागपूरची राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था 2019 मध्ये अहमदाबादच्या संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. खाणकामगारांसाठी वेगळी संस्था होती, तीही जड झाली! 1952 चा खाण कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सुरक्षा संहितेच्या पोटात गेला.

युरोपीय संघाने हवेतील डिझेल काजळीला घनमीटरमागे 0.05 मिलिग्रॅम कार्बनची मर्यादा घातली आणि भूमिगत खाणींना त्यासाठी 21 फेब्रुवारी 2026 ही तारीख दिली. आमच्या साथींनी वायू मोजणारी यंत्रे पाहिली आहेत. काजळी मोजणारा पंप कामगाराच्या छातीवर लावलेला कोणी पाहिला आहे का? पाहिला असेल त्याने आम्हाला जरूर लिहावे.

तोवर प्रत्येक खाणीतल्या कामगार-निरीक्षकाने सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी लेखी मागाव्यात. खाली किती डिझेल गाड्या आहेत आणि त्यांची एकूण शक्ती किती. त्या जागी हवा किती पोहोचते. धूर शेवटचा कधी तपासला. आणि तपासताना गाडी भरलेली होती की नुसती उभी घुरघुरत होती.