वन्यजीव मंडळावर शेतकऱ्यास जागा हवी

रानडुकरांचा कळप एका रात्रींत मक्याचें उभें पीक भुईसपाट करतो, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ज्या मंडळाच्या सल्ल्यानें राज्य सरकारनें वन्य प्राण्यांविषयींचें धोरण आंखावयाचें, त्या मंडळावर माणसें कशीं घेतलीं जातात, याचा विचार शेतकरीवर्गानें फारसा केलेला नाहीं. तो आतां करणें अवश्य आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास २००२ सालीं दुरुस्ती होऊन राज्य वन्यजीव मंडळाची आजची रचना ठरली. मुख्यमंत्री अध्यक्ष व वनमंत्री उपाध्यक्ष. विधिमंडळाचे तीन सभासद. वन्यजीवांसाठीं काम करणाऱ्या बिनसरकारी संस्थांचे तीन प्रतिनिधि. आणि नामांकित निसर्गरक्षक व पर्यावरणतज्ज्ञ यांतून दहा. या दहांत अनुसूचित जमातींचे निदान दोन असावेत असें बंधन आहे. हे तेरा सभासद राज्य सरकार नेमतें. बाकीच्या बहुतेक जागा अधिकाऱ्यांच्या. वन, आदिवासी कल्याण, पोलीस, सैन्य, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, इतकेंच नव्हे तर पर्यटन महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालकहि त्यांत आहेत. कृषिखात्याचें नांव मात्र या यादींत नाहीं. शेतकऱ्याचें तर नाहींच नाहीं. प्रवासी आणणाऱ्यास आसन, आणि ज्याच्या बांधावर प्राणी चरतो तो दाराबाहेर!

मंडळ केवळ सल्लागार आहे, असें कोणी म्हणेल. पण सल्ला कशाचा, तें पाहावें. संरक्षित क्षेत्रें कोठें असावीं व त्यांची व्यवस्था कशी ठेवावी, हा त्यांतील पहिला विषय. या प्रश्नाचें मोल सोलापूर व नगरकडील शेतकरी जाणतात. १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं जें अभयारण्य जाहीर झालें, त्याचें क्षेत्र सुमारें ८,५०० चौरस किलोमीटर होतें व त्यांत खाजगी शेतजमिनीहि मोठ्या प्रमाणांत आल्या होत्या. पुढें तें सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावें लागलें. पण मध्यें कित्येक वर्षें गेलीं. प्रारंभींच गांवकऱ्यांस विचारलें असतें, तर रेषा अधिक शहाणपणानें ओढली गेली असती.

निवडीची रीतहि विचार करण्याजोगी आहे. अर्ज मागवावेत किंवा अमुक व्यक्ति कां नेमली याचीं कारणें प्रसिद्ध करावींत, अशी सक्ति मंडळाच्या रचनेच्या या कलमांत नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें मंडळास स्थायी समिति नेमण्याची मुभा मिळाली. तिचे दहापर्यंत सभासद उपाध्यक्षांनीं मंडळांतूनच नेमावयाचे. म्हणजे नेमलेल्यांतून पुन्हां नेमणूक. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिति ग्रामसभाच निवडते. आमचा शेतकरी सहकारी सोसायटीचें मंडळ निवडतो; त्यास निवडणुकीचें वावडें नाहीं.

शेतकरी आला तर तो बंदुकीचाच परवाना मागेल, अशी शंका कांहीं सज्जन घेतात. ती आम्हांस मान्य नाहीं. काळवीट व माळढोक हे गांवोगांवच्या माळांवर व शेतांतच वाढले. त्यांस शतकानुशतकें ज्यानें राहूं दिलें, त्यासच प्राण्यांचा वैरी ठरविणें न्यायाचें नव्हे. तज्ज्ञांचें ज्ञान आम्हांस हवेंच आहे. परंतु नुकसानीचा पंचनामा किती दिवसांनीं होतो, हें तज्ज्ञाहून शेतकऱ्यास अधिक ठाऊक असतें.

म्हणून आमच्या मागण्या तीन. नेमणुकीपूर्वीं नांवें जाहीर मागवावींत व निवडीचीं कारणें छापावींत. संस्थांच्या तीन जागांपैकीं एक तरी अभयारण्यालगतच्या शेतकऱ्यांत काम करणाऱ्या संस्थेस द्यावी. यास कायदा बदलावयास नको. आणि कृषिखात्याचा अधिकारी व शेतकऱ्यांचे दोन प्रतिनिधि यांस कायद्यानेंच स्थान देण्यासाठीं राज्यानें केंद्राकडे शिफारस करावी. प्रत्येक तालुक्याच्या शेतकरी संघानें असा ठराव करून आपल्या आमदारांकडे धाडावा. न मागतां जागा मिळाल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.