अंधेरीचा आपला संघ

जुहूच्या वाळूवर ओहोटीला गोलपोस्ट म्हणून चपला मांडणाऱ्या पोरांना शहराचा मोठा संघ बघायचा तर दक्षिण मुंबईतलं कूपरेज मैदान गाठावं लागायचं. २०१६पासून मुंबई सिटी एफसी अंधेरीच्या क्रीडा संकुलात खेळू लागला आणि उपनगरांना हक्काचा संघ मिळाला. याचं मोल कळण्यासाठी आधीची पडझड आठवावी लागते. मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तरी २०१० मध्ये मालकांनी संघच गुंडाळला. २००७ साली उभा राहिलेला मुंबई एफसीही दहा वर्षांत संपला. विजेता संघ कंपनीच्या एका निर्णयासरशी नाहीसा व्हावा, हा प्रेक्षकांवर अन्यायच होता. मुंबई सिटी २०१४चा. त्याने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड आणि करंडक दोन्ही पटकावले; फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला मोहन बागानवर निर्णायक गोल केला, पण कोविडमुळे सगळा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर झाला. मला मात्र सर्वांत मोठा वाटतो तो ११ एप्रिल २०२२चा रियाधमधला सामना. इराकच्या हवाई दलाच्या क्लबला २-१ हरवून मुंबई सिटी आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. विजयी गोल हेडरने मारला तो मुंबईच्याच राहुल भेकेने. संघात असे मुंबईकर आणखी हवेत. त्यासाठी क्लबने शोध जुहू-वर्सोव्यापासूनच सुरू करावा.