भाड्याच्या फ्लॅटसाठी कर्ज किती काढायचं?

मंडळी, आपल्या महाड-पोलादपुरात एक हिशोब हल्ली फार ऐकू येतो. "एमआयडीसी आहे, महाबळेश्वरची गाडी आंबेनळीतूनच जाते. फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, हप्ता भाडेकरूच फेडेल." घर जरूर घ्या, पण हा हिशोब मला पटत नाही.

आधी आकडे बघू. समजा फ्लॅट २५ लाखांचा आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे साडेबावीस लाख. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता साडेएकोणीस हजार. भाडं आलं ८ हजार. उरलेले साडेअकरा हजार कोण भरणार? तुमचा पगारच ना!

त्यात व्याज जागेवर राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तेवढाच दिसला, पण मुदत वाढली.

आणि आपल्याकडचा पाऊस! २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत होतं आणि त्याच पावसात आंबेनळी दरडींनी बंद पडला. महाडात गाळा आणि पोलादपुरात खोल्या घेतल्या म्हणून धोका विभागला जात नाही. भाडं दोन्हीकडचं एकदमच थांबतं, हप्त्याची तारीख मात्र तीच.

म्हणून माझं मत. वर्षाला भाडं १० महिन्यांचंच धरा. ८ हजारांनी झाले ८० हजार. घरपट्टी, सोसायटी, डागडुजीचे १४ हजार वजा करा. राहिले ६६ हजार, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. एवढ्या हप्त्यात सव्वासहा लाखांच्या आसपास कर्ज बसतं. त्याच्या वर जे काढाल ते पगारावरचं कर्ज, हे मान्य करूनच सही करा. सहा हप्ते बाजूला ठेवा. राहतं घर आणि गावची जमीन तारण देऊ नका.

कुणी म्हणेल, किंमत वाढेलच की! वाढेलही. पण ती विकल्यावर हातात येते, हप्ता दर महिन्याला जातो.

तुमचा हिशोब वेगळा असेल तर खाली आकड्यांसकट लिहा. बोलू.