न दिसणारा माल

महागावच्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्यापुढे आता काट्यावर न चढणारा माल आला आहे. त्याचे नाव कार्बन क्रेडिट. एक टन कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जाण्यापासून रोखला, अथवा तेवढा मातीत वा झाडांत साठविला, की एक क्रेडिट. पऱ्हाटी न जाळता मातीत मिसळणे, बांधावर झाडे राखणे, युरिया बेताने देणे, ही त्याची साधने होत. केंद्र सरकारने या व्यापाराची योजना २०२३ साली अधिसूचित केली. शेतीपुरती स्वेच्छा बाजाराची चौकट जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली.

पण माप कोण तपासणार? वऱ्हाडात कापसाच्या बाजारासाठी १८९७ सालीच कायदा झाला होता. तोही मँचेस्टरच्या गिरण्यांची सोय पाहून! येथे तर मालच अदृश्य. एकट्याच्या चार एकरांची मोजणी परवडत नाही, म्हणून मध्यस्थ अनेकांची मोट बांधून दीर्घ मुदतीचा करार पुढे करतो. विक्रीतील वाटा किती, मोजणीचा खर्च कोणाचा, मुदतीपूर्वी जमीन विकली तर काय, हे मराठीत लिहिलेले नसेल तर सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सभासदांच्या वतीने एकत्र बोलणी करावी, आणि कृषी खात्याने येत्या पेरणीपूर्वी कराराचा मराठी नमुना ग्रामसभांतून वाचून दाखवावा.